तीसपैकी एक

सार्ची, १४ जानेवारी १९८८

योर्लेनी, पोरी,

तू मेक्सिकोला सुखरूप पोचलीस हे तुझ्या आईकडून कळलं. मला एक ओळ खरडायला हात दुखत होता का? आणि फोनचं नाव काढू नकोस. दुकानातल्या त्या फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं अख्खं सार्ची गाव ऐकतं.

तू तुझ्या प्रबंधासाठी बैलगाड्यांच्या कारखान्यात येऊन आम्हा नऊ रंगाऱ्यांची परीक्षा घेतलीस त्याला दहा दिवस झाले, पण इथे अजून दुसरा विषय नाही. कागदावर तीस रिकामे गोल, दहा मिनिटं वेळ, प्रत्येक गोलाचं काहीतरी वेगळं करा. बस्स, एवढंच तू सांगितलंस आणि घड्याळ घेऊन उभी राहिलीस. तोबियासचे पाय तेव्हापासून जमिनीला लागत नाहीत. सत्तावीस गोल भरले त्याने. चाक, सूर्य, तवा, बशी, फुटबॉल, बैलाचा डोळा, पाद्रीबाबांचं टक्कल. शेवटचे चार काय काढले ते लिहीत नाही, तू माझी भाची आहेस.

मी एकच गोल केला. मला घाई जमत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पण मन लावून केला.

आता कामाचं लिहितो. तुझी एइदामामी जाऊन पाच महिने झाले. त्या दिवसापासून मी ब्रश धरलेला नाही. कारखान्यात जातो, इतरांचे रंग कालवून देतो, त्यांच्या चुका काढतो आणि घरी येतो. परवा एस्कासूच्या बैलगाडी मेळ्याची माणसं आली होती. १३ मार्चला मिरवणुकीत पुढे जी नवी बैलगाडी असेल, तिची दोन्ही चाकं मीच रंगवावीत म्हणतात. मी सांगितलं, भाचीचा निकाल येऊ दे, मग बोलू.

हसू नकोस. डॉक्टर छातीला नळी लावून सांगतो ना, आत काय चाललंय? तुम्ही लोक डोक्यातलं सांगता. तर मोजून सांग, माझ्यात अजून काही शिल्लक आहे का? असेल तर चाकं घेतो. नसेल तर माझे ब्रश तोबियासला देऊन टाकतो आणि मुकाट कोंबड्या पाळतो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ताटकळत ठेवू नये.

तुझा
एवेलिओमामा


मेक्सिको सिटी, २५ जानेवारी १९८८

मामा,

चुकले. आल्याआल्या पत्र टाकायला हवं होतं. इथे आल्यापासून तीन शहरांतले कागद तपासतेय. दोनशे चाळीस माणसं, प्रत्येकाचे तीस गोल. आता पोळी बघितली तरी गुण द्यावेसे वाटतात.

तुमचा प्रश्न वाचून मात्र हात थांबला. मामा, आमच्याकडे नियम आहे, कोणाचा निकाल नावाने सांगायचा नाही. तुमच्या कागदावर नावसुद्धा नाही. तुम्ही नंबर सात. तोबियास नंबर तीन, आणि त्याचे ते शेवटचे चार गोल बघून आमच्या मार्गदर्शक इरिगोयेनबाईंनी चष्मा पुसला, एवढं त्याला कळवा.

तुम्हाला एवढंच सांगते, तुमचा कागद सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. दोनशे चाळिसांत तसा एकही नाही. म्हणून म्हणते, चाकं घ्या. कागदाची वाट कसली बघता?

मला सारखी तुमची मागची पडवी आठवते. कारखान्यात होत आलेलं चाक तुम्ही घरी आणायचात, शेवटचा हात घरीच मारायचात. मामी माझी मूठ धरून ब्रश कसा टेकवायचा ते शिकवायची. आणि चाक संपत आलं की हमखास, "योर्ली, जा गं, दुकानातून गोड पाव घेऊन ये!" दर वेळी! पाव घेऊन धावत यावं तर चाक पुरं झालेलं, तुम्ही दोघं गुळाचं गरम पाणी पीत बसलेले. लहानपणी मी यावरून किती रडलेय. एकदाही मला चाक पुरं होताना बघायला मिळालं नाही.

चाकं घ्या, मामा. मामी असती तर तिने तुम्हाला लाटणं दाखवलं असतं.

तुमची
योर्ली


सार्ची, ४ फेब्रुवारी १९८८

योर्ली, माझे बाई,

तुझं पत्र मी कारखान्यात उभं राहून वाचलं, मोठ्याने. "दोनशे चाळिसांत तसा एकही नाही" हे दोनदा वाचलं. तोबियासचं तोंड बघायला तू हवी होतीस. म्हणाला, "सत्तावीस काढून मी मागे आणि एक काढून हा पुढे?" मी म्हटलं, "बाबा रे, तू तवे मोजत बस."

चाकं घेतली. त्याच दिवशी माणसं येऊन टेकवून गेली. सोळा त्रिकोणी फाका जोडलेली, उत्तम लाकूड, कडेची लोखंडी धाव घट्ट बसलेली. एका फाकेत बारीक चीर होती, ती परत पाठवली आणि दुसरी बसवून घेतली. शेंदरी रंगाचा पहिला हात झाला. काल गोल काढायचा परकार घेऊन बसलो आणि तुला सांगतो, हात कापला नाही. पाच महिने खिशात घालून फिरत होतो, तरी कापला नाही. घरी येऊन एकटाच मोठ्याने हसलो. कोंबड्या घाबरल्या.

आता एक काम कर. नियमबियम मला सांगू नकोस. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या शिक्क्याचा एक कागद पाठव. त्यावर असं पाहिजे की सार्चीचा एवेलिओ केसादा पहिला आला. सुंदर अक्षरात. मी चौकट करून ठेवली आहे, सेडारच्या लाकडाची. कारखान्यात परकार टांगतो त्याच्या वर लावीन. मिरवणुकीआधी येऊ दे.

एइदाच्या फोटोला सांगितलं मी. ती काही बोलली नाही, पण तशी ती माझ्या फुशारक्यांवर कधीच बोलायची नाही.

तुझा
पहिला आलेला मामा


मेक्सिको सिटी, १३ फेब्रुवारी १९८८

मामा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं.

शिक्क्याचा कागद मी पाठवू शकत नाही. तुम्ही पहिले आलेले नाही. मी "वेगळा" लिहिलं ते खरं होतं, पण तुम्ही त्याचा काय अर्थ घ्याल हे मला कळत होतं आणि मी तो घेऊ दिला. तुम्ही चाकं घ्यावीत म्हणून. आता चौकट तयार आहे म्हणालात, तेव्हा खरं लिहायलाच हवं.

खरं असं आहे. आम्ही तीन गोष्टी मोजतो. किती गोल भरले, किती तऱ्हेच्या वस्तू सुचल्या, आणि दुसऱ्या कोणाला न सुचलेलं असं किती. तुमचा एकच गोल, म्हणून पहिल्यात तीसपैकी एक. दुसऱ्यातही एक. तिसऱ्यात, म्हणजे नवेपणात, शून्य. कारण तुम्ही चाक काढलंत आणि तुमच्या कारखान्यात नऊच्या नऊ जणांनी पहिल्यांदा चाकच काढलं होतं. सगळ्यांना जे सुचतं त्याला गुण मिळत नाहीत. तुमचा कागद दोनशे चाळिसांत शेवटचा आहे.

हे लपवणार होते. पण परवा तुमचं पत्र पुन्हा वाचलं, त्या चिरलेल्या फाकेचं. लहानपणी एकदा मी विचारलं होतं, चिरेत लांबी भरून वर रंग दिला तर कोणाला कळणार आहे? तुम्ही म्हणाला होता, "बैलाला कळेल." मी लांबी भरायला निघाले होते, मामा.

ही परीक्षा म्हणजे तुम्ही नव्हे. हे मी मनापासून लिहितेय, गोड बोलायचं म्हणून नाही. चाकं सोडू नका. माझ्यावर रागवा, पण चाकं सोडू नका.

योर्ली


सार्ची, २३ फेब्रुवारी १९८८

योर्लेनी,

मी तोबियास, नंबर तीन. पत्र लिहायची मला सवय नाही, सांभाळून घे. पत्ता तुझ्या आईने दिला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी एवेलिओ कारखान्यात आला, टोपी काढली आणि सगळ्यांना म्हणाला, "मी शेवटचा आलो. तीसपैकी एक. नवेपणा शून्य." असं म्हणून रंगाच्या डब्यांना झाकणं लावली. कोणी हसलं नाही. मी तर सत्तावीसवाला, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तू त्याला ते कळवायला नको होतंस, असं मी म्हणत नाही. पण बाई गं, काय केलंस हे!

चाकं त्याच्या मागच्या पडवीत उभी आहेत. मी बघून आलो. दोन्ही चाकांच्या पंधरा पंधरा फाका रंगवून झाल्यात. एक एक उरलीय. एक! तासाभराचं काम. मी म्हटलं, अरे, तेवढी उरक आणि मग हवं तर रुसून बस. तर म्हणतो, "ते माझं काम नाही." मी म्हटलं, मी करून देतो, तर माझ्या अंगावर धावून आला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

आणि ती चाकं! सांगायची सोय नाही. आपल्याकडे सोळाही फाका एकसारख्या असतात, तुला माहीत आहे. याने प्रत्येक फाक वेगळी केलीय. आधी मला राग आला. मग मी तिथेच बसून राहिलो, दुपारचं जेवण राहिलं.

अजून एक. त्या परीक्षेच्या दिवशी तू घड्याळाकडे बघत होतीस. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. एइदाला पोचवून आल्यापासून त्याने पहिल्यांदा पेन्सिल धरली होती. म्हणून माझे तीन गोल राहिले. नाहीतर तीस झाले असते, ते तुझ्या बाईंना सांग.

मेळा १३ तारखेला आहे. काहीतरी कर.

तोबियास


मेक्सिको सिटी, ३ मार्च १९८८

मामा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. शनिवारी माझ्याबरोबर शिकणारी तिकडचीच एक मुलगी विमानाने घरी येतेय, तिला शपथ घालून तिच्या हाती देतेय.

तोबियासचं पत्र आलं. ते वाचून मी तुमचा कागद बाहेर काढला आणि खरं सांगते, मामा, मी तो पहिल्यांदाच बघितला. आधी फक्त मोजला होता. एकोणतीस रिकामे, एक भरलेला, संपलं. त्या एका गोलात काय आहे हे मी बघितलंच नव्हतं. चाक दिसलं, म्हणून पुढे गेले. सार्चीच्या पोरीने चाक बघून पुढे जावं!

परकाराशिवाय, नुसत्या हाताने, तुम्ही त्या नाण्याएवढ्या गोलाच्या सोळा फाका केल्यात. पंधरा भरल्यात. त्यातल्या कुठल्याही दोन सारख्या नाहीत. भिंग लावून मोजलं मी. सोळावी कोरी आहे. मी शेऱ्यात लिहिलं होतं, "अपुरं, वेळ संपली." पण माझ्या वहीत दुसरी नोंद आहे, माझ्याच अक्षरात: "नंबर सातने नवव्या मिनिटाला पेन्सिल खाली ठेवली." म्हणजे वेळ संपलीच नव्हती. तुम्ही स्वतः थांबलात.

इरिगोयेनबाईंना दाखवला. त्या कडक आहेत, कोणाचं कौतुक करत नाहीत. त्यांनी कागद खिडकीशी नेला, परत आणला, परत नेला. मग म्हणाल्या, "याला गुण देऊ नकोस. याच्याकडे जा." माझ्या प्रबंधात मी आता लिहिणार आहे की एका चाकवाल्याला मी चुकीचा प्रश्न विचारला. हे लिहिलं तर आणखी सहा महिने लागतील, लागू देत.

पण मी रात्रंदिवस विचार करतेय तो वेगळाच. कागदावर पंधरा. पडवीतल्या चाकांवर पंधरा पंधरा. "ते माझं काम नाही." आणि चाक संपत आलं की मला पाव आणायला पाठवणारी मामी.

मामा, सोळावी फाक कोणाची होती?

योर्ली


सार्ची, १५ मार्च १९८८

योर्ली,

तुझ्या मैत्रिणीने पत्र घरी आणून दिलं. भली पोरगी आहे, मक्याची धिरडी चार खाल्ली.

सोळावी तिची होती. आमच्या लग्नानंतरच्या प्रत्येक चाकाची. एकेचाळीस वर्षं. पहिल्या वर्षी मला ताप होता आणि चाक सकाळी द्यायचं होतं. उरलेली एक फाक तिने केली. मी तापात उठून बघतो तर माझी कुठली आणि तिची कुठली, मलाच सांगता येईना. तेव्हा कारखान्यात बायकांना ब्रश धरू देत नसत, झाडू देत. मी म्हटलं, लोकांना सांगू. ती म्हणाली, "सांगितलंस तर चाक परत करतील. नको सांगू. आपल्याला माहीत आहे ना, पुरे." मग ते ठरूनच गेलं. पंधरा मी करायच्या, चाक घरी आणायचं, सोळावी तिने करायची. तुला पावाला पाठवायची कारण तू बडबडी होतीस. अजूनही आहेस.

मी गप्प बसलो याची मला लाज वाटते. चाकं माझ्या नावाने गेली आणि हार माझ्या गळ्यात पडले. ती गेली तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, रंगाऱ्याची बायको. मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही.

ती आजारी होती तेव्हा खाटेवरून म्हणायची, "एवेलिओ, बरी झाले की एक चाक सगळं वेगवेगळं करू. सोळा फाका सोळा तऱ्हेच्या. बोंबलू देत म्हातारे." तू तो कागद पुढे ठेवलास, गोल बघितला आणि तेच आठवलं. पंधरा केल्या आणि पेन्सिल ठेवली. पुढे तिचा हात होता. तेव्हा तुझ्या त्या शून्याने मी थांबलो असं मनाला लावून घेऊ नकोस. मी सोळाव्या फाकेशी आधीच येऊन थांबलो होतो. तुझं पत्र मला निमित्त झालं. तोबियासला "शेवटचा आलो" सांगणं सोपं होतं, हे सांगणं कठीण होतं.

तुझा प्रश्न वाचला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन सांगितलं. सगळ्यांना, एकेचाळीस वर्षांचं सगळं. तोबियास उठला आणि भिंतीला जुनं चाक टेकवलेलं असतं ना, त्याच्यापुढे जाऊन बसला. एकेका फाकेवर बोट ठेवून विचारायला लागला, "ही तिची? ही?" मला सांगता येईना. आम्ही दोघं म्हातारे तिथे बसून रडलो, काय लपवायचं तुझ्यापासून.

एका चाकाची सोळावी मी केली. पहिल्यांदाच. वाकडी झाली आहे, तिच्यासारखी नाही, माझ्यासारखीही नाही. पण केली. खाली कोपऱ्यात तिचं नाव घातलं.

गाडी एस्कासूला सगळ्यांच्या पुढे होती. म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, एकाने विचारलं की रंगारी प्यायला होता का. एइदा असती तर पोट धरून हसली असती. बाकी लोक मात्र गाडीच्या बाजूने चालत होते, चाकाकडे बघत, आणि ठेचकाळत होते. एका बाईने दुसऱ्या चाकाकडे बोट दाखवून विचारलं, "अहो, ही फाक कोरीच राहिली की!" मी म्हटलं, "राहिली नाही. ती माझ्या भाचीची आहे."

शेंदरी हात दिलेला आहे, वर काही नाही. मेळा झाल्यावर ते चाक काढून पडवीत आणून ठेवलंय. मामीने तुझी मूठ धरून शिकवलं होतं, ते विसरली असलीस तर हात आठवेल. चौकटीत मी तुझं तीन मार्चचं पत्र लावलंय, तेव्हा शिक्क्याची घाई नाही.

सुट्टी लागली की ये. पाव आणायला मी जाईन. दहा मिनिटं देईन तुला, आणि या वेळी घड्याळ माझ्या हातात.

तुझा
नंबर सात